कॅसिनोची पाटी आणि क्लासची पाटी

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझी शाळा लातूरची एक कॉन्व्हेंट. तिथे वर्गात मराठी बोललं की पाच रुपये दंड असायचा आणि दहा वर्षांत मी त्या डब्यात एका सायकलची तरी रक्कम टाकली असेल. एवढं बोलूनही लिहायची वेळ आली की हात अडखळतोच. आपल्या मराठी विभागाचा संपादक (आमच्याच वर्गातला आहे, म्हणून नाव सांगत नाही) म्हणाला, "तू बोलतेस तसंच लिही." म्हणून लिहितेय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर त्याला पकडा. विषय मात्र माझ्या ब्रँचचा आहे. दिवे!

गेल्या वर्षी आमची इंडस्ट्रियल व्हिजिट गोव्याला गेली होती. त्यात इंडस्ट्री किती आणि गोवा किती हे विचारू नका, सरही हा अंक वाचतात. तर एका संध्याकाळी आम्ही साताठ जणी पणजीला मांडवीच्या काठावर उभ्या होतो. समोर पाण्यात कॅसिनोची जहाजं. दिवसा बघितली तर जहाजासारखी जहाजं, त्यात विशेष काही नाही. अंधार पडायला लागला तशी एकेक पेटत गेली. आधी नावाची अक्षरं, मग अक्षरांभोवतीची चौकट, मग प्रत्येक मजल्याच्या कडा. जांभळा, गुलाबी, सोनेरी, आणि खाली पाण्यात तेच सगळं उलटं. पंधरा-वीस मिनिटांत जहाज असं काही दिसेनासंच झालं, नुसती पाटी पाण्यावर तरंगत होती. मैत्रिणी सेल्फीत गुंतल्या होत्या. मी एका चौकटीतला पळता उजेड बघत उभी होते.

"काय बघू लालीस गं एवढं?" रूममेटने विचारलं.

मी म्हणाले, "चार-शून्य-एक-सात."

ई अँड टी.सी.वाल्यांना आता हसू आलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते. ५५५ टायमर आणि ४०१७ काउंटर अशा दोन आय.सी. जोडल्या की दहा एल.ई.डी. एकामागून एक लागतात. आमच्याकडे सेकंड इयरला निम्म्या वर्गाचं मिनी प्रोजेक्ट हेच असतं आणि उरलेल्या निम्म्याचं ते बघून केलेलं असतं. एकही दिवा जागचा हलत नाही, तरी डोळ्याला उजेड पळताना दिसतो. मॅक्स वर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली यावर लिहिलं, त्याला फाय फिनॉमेनन म्हणतात. आय.सी. नव्हत्या त्या काळात पाटीच्या मागे एक छोटी मोटर दांडा फिरवत राहायची आणि दांड्यावरचे उंचवटे क्रमाक्रमाने स्विच दाबत जायचे. गणपतीच्या मंडपातली पळती माळ घ्या, माळेगावच्या जत्रेतल्या आकाशपाळण्यावरची घ्या, नाहीतर मांडवीवरचा कॅसिनो घ्या, डोळ्याला फसवण्याची युक्ती एकच. फरक एवढाच की पाळण्यावरचा उजेड गोल फिरतो आणि कॅसिनोच्या पाटीवर बाण काढला असेल तर तो दाराकडे पळतो.

आत आम्हाला कोणी सोडलंच नसतं. गोव्यात कॅसिनोत जायला २१ पूर्ण लागतात, आणि मी २० ची. पण गंमत पुढे आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांनाही तिथे जुगार खेळायला बंदी आहे! म्हणजे ज्यांच्या खिडकीतून हा उजेड रोज रात्री दिसतो त्यांना आत प्रवेश नाही, आणि ज्यांच्यासाठी तो लावलाय ते दोन दिवस राहून जाणार. मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की पाटी ही परक्या माणसासाठी असते. आपल्याकडच्या मटक्याचंच बघा ना. मटका बेकायदा म्हणून त्याला पाटी नाही हे तर झालंच, पण पाटी नसल्यामुळे कुठल्या गिऱ्हाइकाचा रस्ता चुकला असं तुम्ही ऐकलंय का? जत्रेतसुद्धा पत्त्याचे डाव दिव्याच्या पलीकडे, अंधारात बसतात. गावातल्या माणसाला उजेड दाखवावा लागत नाही.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगते, कारण त्यात मला फारसं कळत नाही. गोव्याचा जुगाराचा कायदा १९७६ चा. त्यात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत मशीनला परवानगी दिली आणि १९९६ साली जहाजावरच्या खेळांना. म्हणून ती जहाजं. नदीत नांगर टाकून उभी असली तरी जहाजंच. आणि ऐकून आश्चर्य वाटेल, महाराष्ट्रानेही त्याच १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता! तो सत्तेचाळीस वर्षं कागदावरच राहिला आणि २०२३ साली रद्द झाला. नाहीतर विष्णुपुरीच्या धरणात एखादं जहाज उभं असतं आणि आपल्या रेक्टर मॅडमचा बी.पी. वाढला असता. असो.

आता तुम्ही म्हणाल, हे निऑन का? नाही. मांडवीवर मला जे दिसलं ते जवळजवळ सगळं एल.ई.डी. होतं. आपल्याकडे नव्या चहाच्या दुकानांत भिंतीवर गुलाबी अक्षरांत काहीतरी इंग्रजी लिहिलेलं असतं आणि मालक अभिमानाने "निऑन बसवलंय" म्हणतो, तेही निऑन नव्हे. ती सिलिकॉनच्या पट्टीत भरलेली एल.ई.डी.ची माळ, बारा व्होल्टवर चालणारी. वाईट आहे असं मी म्हणत नाही, स्वस्त आहे, हात लावला तर झटका बसत नाही. पण खरं निऑन म्हणजे काय ते वाचून मी तर वेडीच झाले.

निऑन वायू रॅम्से आणि ट्रॅव्हर्स यांनी १८९८ साली लंडनमध्ये शोधला. फ्रान्सच्या जॉर्ज क्लॉडने १९१० साली पॅरिसच्या मोटारींच्या प्रदर्शनात त्याच्या लांबच लांब नळ्या पेटवून दाखवल्या. काम सगळं हाताचं. काचेची नळी ज्योतीवर मऊ करायची आणि अक्षराच्या आराखड्यावर वाकवायची. वाकवताना नळी पिचकू नये म्हणून कारागीर एका टोकाला लावलेल्या रबरी नळीतून तोंडाने हळूच फुंकत राहतो. आराखडा उलटा काढलेला असतो, आरशातल्यासारखा, कारण जी बाजू खाली सपाट राहते तीच पुढे दिसायची असते. मग दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड जोडायचे, हवा ओढून घ्यायची, मोठा करंट सोडून काच तापवायची म्हणजे आतला कचरा जळून निघतो, आणि शेवटी अगदी कमी दाबाने वायू भरून तोंड बंद करायचं. ट्रान्सफॉर्मर हजारो व्होल्ट देतो, पाटी मोठी असली तर पंधरा हजारांपर्यंत, पण करंट तीसेक मिलिअँपिअर. शुद्ध निऑन फक्त लालसर नारिंगी उजेड देतो. निळा हवा असेल तर आर्गॉनमध्ये थोडा पारा, आणि बाकीचे रंग नळीला आतून लावलेल्या पावडरीचे. अक्षर संपून दुसरं सुरू होतं तिथेही नळी अखंडच असते, म्हणून मधल्या तुकड्याला काळा रंग फासतात. म्हणजे पाटीवर जे अंधारात असतं तेही पेटलेलंच असतं, फक्त आपल्याला दिसू देत नाहीत. हे वाक्य मी वहीत दोनदा लिहून ठेवलंय, का ते पुढे कळेल.

या कलेचं माहेर अमेरिकेतलं लास वेगास. नेवाडा राज्याने १९३१ साली जुगार कायदेशीर केला आणि वाळवंटातल्या रस्त्यावर पाट्यांची चढाओढ सुरू झाली. गावाच्या वेशीवरची ती प्रसिद्ध 'वेलकम'ची पाटी १९५९ साली बेटी विलिस नावाच्या बाईंनी काढली. वेलकमचं एकेक अक्षर एकेका पांढऱ्या गोलात आहे, ते गोल म्हणजे चांदीचे डॉलर! बाईंनी त्याचे हक्क कधी घेतले नाहीत, म्हणून ती पाटी जगभरच्या कपांवर आणि टी-शर्टवर फुकट फिरते. पुढे १९७२ साली रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनॉर या तिघांनी वेगासवर पुस्तक लिहिलं. आर्किटेक्ट लोक ज्या गावाला नाकं मुरडायचे तिथून शिकण्यासारखं काही आहे असं त्यांचं म्हणणं. धावत्या गाडीतून इमारत दिसत नाही, पाटी दिसते. म्हणून पाटी मोठी आणि मागची इमारत साधी. अशा इमारतीला त्यांनी नाव दिलं 'डेकोरेटेड शेड', सजवलेली शेड.

हे वाचलं आणि मांडवीच्या काठावर जे आठवत नव्हतं ते आठवलं. लातूर!

गंजगोलाईपासून सोळा रस्ते फुटतात असं आम्हाला लहानपणी शिकवलं होतं. आता यातल्या कुठल्याही रस्त्याने गेलं तरी टॉपर भेटतोच. खाली पत्र्याची शेड किंवा तळघरातला हॉल, त्यात दाटीवाटीने बाकं, आणि वर तीन मजली पाटी. नांदेड काही मागे नाही, श्यामनगर-बाबानगरकडून एकदा रात्री चक्कर मारा. पूर्वी फ्लेक्स होते, वर हॅलोजनचे दिवे. आता एल.ई.डी.च्या स्क्रीन आल्यात. चौकटीत पळता उजेड, मधे मुलाचा चेहरा, खाली मोठे आकडे, आणि आकडे गरगर फिरत येऊन ७२० पैकी कुठेतरी थांबतात, थेट जॅकपॉटच्या मशीनसारखे. (खाली सरकत्या पट्टीवर मराठी मजकूर असतो. त्यात जोडाक्षरांची आणि वेलांट्यांची जी दैना झालेली असते ती बघून माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीलाही बरं वाटतं.) माझी रूममेट सिव्हिलची. ती अशा पाट्यांकडे मान वर करून बघते ते वेगळ्याच कारणाने. १३ मे २०२४ ला घाटकोपरला १२० फूट बाय १२० फुटांचं होर्डिंग वादळात पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली, तेव्हापासून ती पाटीखाली उभं राहून पाणीपुरीसुद्धा खात नाही.

माझा मावसभाऊ अहमदपूर तालुक्यातला. घरी सोयाबीन. गेल्या वर्षी नीट थोडक्यात हुकली म्हणून आता रिपीटर. लातूरला कॉटबेसिसवर चौघं एका खोलीत राहतात. त्याच्या खिडकीसमोर, रस्त्यापलीकडे, अशीच एक स्क्रीन आहे. तो मला म्हणाला, "ताई, रात्री माझ्या भिंतीवर दर आठ सेकंदाला एक डॉक्टर येतो." मला हसू आलं. मग मी त्याच्या खोलीत रात्री अकरापर्यंत बसले आणि घड्याळ लावलं. खरंच आठ सेकंद. निळा, पांढरा, निळा. आपल्या डोळ्यात ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड ओळखून मेंदूला "अजून दिवस आहे" असं सांगणारा एक पदार्थ असतो, त्यामुळे असा उजेड झोप लांबवतो. जुन्या निऑनचा लाल उजेड तरी याबाबतीत बिचारा बरा होता.

पण झोपेपेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. रूलेटच्या चाकावर ३७ घरं असतात, शून्य धरून. एका घरावर पैसे लावून जिंकलात तर एकास पस्तीस मिळतात. हिशोब केला तर लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी दोन रुपये सत्तर पैसे कॅसिनोचे. हा आकडा गुपित नाही, कुठल्याही प्रॉबॅबिलिटीच्या पुस्तकात सापडेल. पाटीवर मात्र कधीच नसतो. पाटीवर हसरा जिंकलेला माणूस असतो. क्लासच्या पाटीवरही अंश असतो, छेद नसतो. आमचे इतके लागले. बसले किती? २०२५ साली देशात २२ लाखांवर मुलांनी नीट दिली आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. उरलेली मुलं काळ्या रंगाच्या मागे. पेटलेली असतात, दिसत नाहीत.

रूममेट म्हणाली, "अभ्यास म्हणजे काय जुगार आहे का? मेहनत करणारा लागतोच की." तिचं अर्धं मला मान्य आहे. चाकाला अभ्यास करता येत नाही, मुलाला येतो. लातूर पॅटर्नने आमच्या मराठवाड्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या पोरांना डॉक्टर केलंय, आमच्या गल्लीतच तिघं आहेत, आणि जीव तोडून शिकवणारे सर मी स्वतः बघितलेत. माझं भांडण शिकवण्याशी नाहीच, पाटीशी आहे. आणि ते भांडण करायचा मला अधिकार कितपत आहे ते आता सांगते, कारण हे लपवून लेख लिहिला तर मीही काळा रंगच फासला असं होईल.

२०२३ साली लातूरच्या एका क्लासच्या पाटीवर माझा फोटो होता.

सीईटीला पर्सेंटाइल बरं आलं. दुसऱ्याच दिवशी फोन, पेढे, शाल, आणि आठवड्याच्या आत चौकात मी, पंधरा फूट उंच. बाबांनी पाटीखाली उभं राहून फोटो काढून घेतला, तो अजून त्यांच्या मोबाइलच्या वॉलपेपरला आहे. त्या क्लासला मी फक्त शेवटची दोन महिने टेस्ट सिरीज दिली होती. शिकले घरी, कॉलेजात आणि शेजारच्या एका निवृत्त सरांकडे, ज्यांना पाटी नाही. फोटो लावू का, असं मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी हो म्हणाले असते, खोटं कशाला बोलू? चौकातून जाताना मी मुद्दाम स्कुटी हळू करायचे. आणि त्याच पाटीकडे बघून मावशी म्हणाली, "आपली ताई इथूनच लागली," आणि भावाला अकरावीपासून तिथे घातलं. फीसाठी काय मोडलं ते मला नंतर कळलं. मी तेव्हाच मावशीला सांगायला हवं होतं की मी इथली दोन महिन्यांची पाहुणी आहे. नाही सांगितलं. छान वाटत होतं ना!

आता नियम झालेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. फोटो वापरायचा तर निकालानंतर मुलाची लेखी संमती हवी, आणि त्याने कुठला कोर्स, किती काळ केला तेही सांगायला हवं. म्हणजे आज माझ्या फोटोखाली 'टेस्ट सिरीज, दोन महिने' असं लिहावं लागेल. लिहिलेलं कुठे दिसलं तर मला जरूर कळवा. मी तरी गेल्या सुट्टीत शोधत फिरले आणि मान दुखून आली.

माझ्या मागण्या दोन आहेत, दोन्ही बिनखर्चाच्या. एक, छेद लिहा. किती मुलांनी प्रवेश घेतला, त्यातली किती लागली. लागलेली कमी असली तरी मावशीसारखी माणसं येतीलच, निदान डोळे उघडे ठेवून येतील. दुसरी मागणी माझ्या ब्रँचची. दिवसा उन्हात दिसावं म्हणून या स्क्रीनचा उजेड पाच हजार निट्सच्या घरात ठेवतात, रात्री तीनशेच्या आसपास पुरेसा होतो. कंट्रोलरमध्ये वेळेनुसार उजेड कमी करायची सोय असते, नसली तर पाच-दहा रुपयांचा एल.डी.आर. लावा. आणि अकराला बंद करा. अकरानंतर त्या रस्त्यावर कोण परका माणूस क्लास शोधत फिरतो? तिथे फक्त आत आलेली मुलं उरतात.

आणि हो, होस्टेलवाल्यांनो, फार हसू नका. आपल्या गेटवरच्या प्लेसमेंटच्या फ्लेक्सवरही 'हायेस्ट पॅकेज'च असतं. मधलं पॅकेज किती, आणि किती जण अजून रूमवर बसून फॉर्म भरतायत, हे लिहायला त्यावर भरपूर जागा आहे. मी मोजली. साडेतीन फूट रिकामा निळा पट्टा आहे खाली. टी.पी.ओ. सर, तुम्ही रागावणार नाही या विश्वासावर लिहितेय.

मावशीला मी दिवाळीत सगळं सांगितलं. ती बराच वेळ करंज्या तळत राहिली, मग म्हणाली, "तुझा फोटो छान आलता पण." भावाला सांगायची गरज पडली नाही, त्याला केव्हाच माहीत होतं.

गेल्या रविवारी लातूरला गेले तेव्हा त्याच्यासाठी काळा चार्ट पेपर आणि सेलोटेप घेऊन गेले. खिडकीला चार कागद लागले. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक फट राहिलीय, तिथून दर आठ सेकंदाला थोडं निळं येतं.